जीप दारातच होती

लातूरच्या ज्या खाजगी दवाखान्यात शिल्पा नर्स आहे, तिथल्या बाकीच्या सिस्टरांना एक गोष्ट पक्की माहीत आहे. शिल्पाला मागून हात लावायचा नाही. नवीन आलेल्या एका मुलीनं एकदा सहज तिच्या पाठीवर थाप मारली, तर शिल्पाच्या हातातला औषधांचा ट्रे खाली पडला आणि ती तीन पावलं पुढं पळाली. भिंत आली म्हणून थांबली. सगळ्या हसल्या, तीही हसली. पण त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

तिला हे दुपारीच होतं. तीनच्या सुमाराला पेशंटचे नातेवाईक पेंगायला लागतात, वॉर्डात पंख्यांचा तेवढा आवाज राहतो, तेव्हा दोन्ही खांद्यांच्या मधोमध कुणाची तरी बोटं टेकल्यासारखी वाटतात. त्या बोटांपाठोपाठ आवाज यायला हवा. तो येत नाही. ती वाट बघत उभी राहते. म्हणून दुपारची ड्युटी ती स्वतः मागून घेते. हाताला काम असलं की बरं असतं.

ती बोटं कुणाची ते तिला माहीत आहे. धम्मप्रियाची.

दोघी एकाच गावच्या. नायगाव तालुक्यातलं, नायगावपासून अकरा किलोमीटरवरचं गाव. मारुतीच्या देवळाभोवतीच्या वस्तीला लोक ‘गाव’ म्हणत आणि ओढ्यापलीकडच्या पन्नासेक घरांना भीमनगर. मतदार यादीत सगळं एकच होतं. पण भीमनगरातलं कुणी किराणा आणायला निघालं की म्हणायचं, “गावात जाऊन येतो.”

शिल्पाचे वडील बजरंग यांची पाच एकर जमीन होती, आणि गाव ते नायगाव फेऱ्या मारणारी एक काळी-पिवळी जीप. धम्मप्रियाचे वडील व्यंकटी गवंडी होते. नांदेडला काम लागलं की आठ-आठ दिवस तिकडंच असायचे. तिची आई सुमनबाई रोजानं जायची आणि ओढ्याकाठचं घरचं दीड एकर बघायची. दोन्ही घरांमध्ये पाच मिनिटांचं अंतर होतं, पण सोळा वर्षांत कुणी कुणाचा उंबरा ओलांडला नव्हता.

त्या दोघींना एकत्र आणलं ते खो-खोनं. शेजारच्या गावातल्या हायस्कुलात संगमेश सर नावाचे खेळाचे शिक्षक होते. मुलींचा संघ निवडताना त्यांनी कुणाला नाव सोडून काही विचारलं नाही. धम्मप्रिया वाऱ्यासारखी पळायची. शिल्पा पळण्यात बेताचीच होती, पण उठण्यात तिच्यासारखी कुणी नव्हती. खांबाजवळच्या चौकात बसायची आणि पाठीला बोटं लागून ‘खो’ कानावर पडेपर्यंत ती चौकातून सुटलेलीही असायची.

“मागं बघायचं न्हाई,” सर सांगायचे. “खो देणारावर इश्वास ठेवायचा. हात लागला, आवाज आला, की उठायचं. इचार करत बसलीस की गडी गेला.”

धम्मप्रियानं खो दिला की शिल्पा विचार करत नसे.

शाळेला तीन किलोमीटर चालत जावं लागे. त्या रस्त्यावर त्यांची मैत्री झाली आणि त्या रस्त्यावरच राहिली. गावाची कमान दिसली की धम्मप्रिया आपोआप दहा पावलं मागं पडायची. तसं करायचं त्यांचं कधी ठरलं नव्हतं.

दहावीत असताना, दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात, संघ विभागीय स्पर्धेला लातूरला गेला. एका शाळेच्या हॉलमध्ये मुलींची सोय होती. सतरंज्या, उशाला आपापली बॅग. पहिल्या संध्याकाळी धम्मप्रियानं फडक्यात बांधलेले धपाटे काढले आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी सोडली.

“शिल्पालाबी दे म्हणली माय,” ती म्हणाली.

शिल्पाचा हात क्षणभर जागच्या जागी राहिला. एकच क्षण. धम्मप्रियानं तो पाहिला आणि आपण पाहिलं हे तिनं लपवलं. मग शिल्पानं धपाटा घेतला, तो संपवला, आणखी एक मागितला. त्या क्षणाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

तीन दिवस त्या एका सतरंजीवर होत्या. एका नळाखाली केस धुतले, एकीच्या कंगव्यानं विंचरले. धम्मप्रियाचा गुडघा सोलवटला तेव्हा शिल्पानं तिचे बूट सोडून दिले, बांधूनही दिले. उपांत्य सामन्यात एका गुणानं हरल्या, आणि लातूरच्या त्या मैदानावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. अकरावीला नायगावला एकाच कॉलेजात जायचं आणि विद्यापीठाच्या संघात खेळायचं, हे परतीच्या एसटीत ठरलं.

नायगावच्या स्टँडवर बजरंग जीप घेऊन आले होते. धम्मप्रिया मागच्या बाजूनं चढायला लागली.

“मागं कामून बसतीस? पुढं बसा की दोघीबी,” ते म्हणाले. “हारल्या म्हून काय झालं. लातूरपस्तोर गेलाव, लई झालं.”

रस्ताभर ते हसत बोलत होते. ओढ्याचा पूल जवळ आला तेव्हा मात्र गप्प झाले. धम्मप्रियानं “इथंच थांबवा काका” म्हटलं आणि ती पुलावर उतरली. बजरंग यांनी तिला घरापर्यंत सोडतो म्हटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भीमनगरातल्या लोकांनी फाट्यावर वस्तीच्या नावाची पाटी लावली. पंधरा दिवसांनी एका सकाळी तिच्यावर डांबर फासलेलं दिसलं. तक्रार झाली, गावातली दोन पोरं पोलिसांनी उचलून नेली, तिसऱ्या दिवशी सोडली. मग देवळात बैठक बसली. काय ठरलं ते कुणी कागदावर लिहिलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून भीमनगराचं दळण गिरणीत घेईनात. रोजाला कुणी बोलावेना. किराणा दुकानदार माल असून संपला म्हणे. आणि बजरंग यांची जीप ओढ्याच्या पुलावर थांबेना.

“मी एकटा काय करू?” केवळाबाईंनी, म्हणजे शिल्पाच्या आईनं, एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले होते. “मी थांबवली तर उद्या माझ्या जीपीत कोण बसंल?”

ठरल्याप्रमाणे दोघी नायगावच्या कॉलेजात गेल्या. शिल्पा जीपनं, वडिलांशेजारी पुढच्या सीटवर. धम्मप्रिया चार किलोमीटर चालत मोठ्या रस्त्यापर्यंत जायची आणि तिथून एसटी धरायची. रोज सकाळी जीप तिला मागं टाकायची. हॉर्न वाजला की ती कडेला सरकायची, ओढणी तोंडावर धरायची, धूळ बसेपर्यंत उभी राहायची. शिल्पा मांडीवरच्या दप्तराकडं बघत राहायची. वर्गात त्या वेगवेगळ्या बाकांवर बसू लागल्या. भांडण नव्हतंच, त्यामुळं मिटवायलाही काही नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली होती. सोयाबीनची काढणी चालू होती. रविवार होता. केवळाबाई शेतात होत्या. बजरंग सकाळची फेरी मारून आले, जेवले आणि मधल्या खोलीत बाजेवर आडवे झाले. जीप दारात कडुनिंबाखाली उभी होती. शिल्पा आतून कडी लावून अभ्यासाला बसली होती.

तीनच्या सुमाराला कुणीतरी पळत आलं आणि दारावर दोन्ही हात आपटले.

“शिल्पा! ए शिल्पा!”

आवाज ओळखायची गरज नव्हती.

“माईला पान लागलं गं! रानात, पायाला. घोणस होती. शिल्पा, अण्णांना उठव, जीप काढा म्हण!”

पान लागलं म्हणजे साप चावला. शिल्पा उठली. दारापाशी गेली, हात कडीवर ठेवला. मग तिनं वळून बाजेकडं पाहिलं. वडील भिंतीकडं तोंड करून झोपले होते. पाठ संथ वरखाली होत होती. त्यांना उठवायचं तर पाच पावलं मागं जायचं होतं. उठवलं आणि ते ‘नाही’ म्हणाले तर? ते ‘नाही’ आपल्याला ऐकावं लागेल. न उठवताच उठले तर बरं. एवढ्या आवाजानं उठतीलच.

“शिल्पा, दार उघड गं! कुणीच न्हाई तिकडं, सगळे परगावी कामाला गेलेत. शिल्पा!”

सात वेळा तिनं नाव घेतलं. शिल्पानं मोजलं नव्हतं, पण आकडा तिच्या डोक्यात राहिला. सातव्या हाकेनंतर दार वाजायचं थांबलं. पावलं पळत गेली, आधी उजवीकडं, मग थांबली, मग डावीकडं. शिल्पाचा हात कडीवरच होता. कडी गार लागत होती.

बऱ्याच वेळानं बजरंग उठून बसले.

“पाणी दे गं,” म्हणाले. तांब्या हातात घेतल्यावर त्यांनी विचारलं, “कोण होतं?”

“कुणी न्हाई,” शिल्पा म्हणाली.

ते पाणी प्यायले.

धम्मप्रियाला शेवटी परगावचा एक ट्रॅक्टर मिळाला. सुमनबाईंना ट्रॉलीत घालून मोठ्या रस्त्याला नेलं, तिथून एका टेम्पोनं नायगावला. तिथून पुढं नांदेडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. लवकर आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले, म्हणे.

व्यंकटींनी तक्रार केली. चौकशी लागली. कागदावर असं आलं की गावात कुठलाही बहिष्कार नव्हता, आणि घटनेच्या वेळी संबंधित जीप दुरुस्तीसाठी नायगावला होती. खाली बजरंग यांची सही होती. सोळा वर्षांची एक मुलगी सांगत होती की जीप दारातच होती. तिचं कुणी ऐकलं नाही. महिनाभरानं बाप-लेक गाव सोडून नांदेडला गेले. बजरंग यांनी पुढच्या पाडव्याआधी जीप विकून टाकली. परवडत नाही म्हणाले.

शिल्पा नर्सिंगला लातूरला आली. तिथं एकदा रूममधल्या मुलींना तिनं ही गोष्ट सांगितली. सांगताना म्हणाली, “मी कडी काढत होते, अण्णांनी हात धरला.” तोंडातून निघालं तसं तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. पुढं कितीतरी वर्षं तिच्या आठवणीत मनगटावर वडिलांची पकड होती. तरी पाठीवरची बोटं काही जात नव्हती.

यंदाच्या मार्चमध्ये बजरंग यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. शिल्पानं त्यांना लातूरला आपल्या भाड्याच्या खोलीवर आणून ठेवलं. शेत आणि जनावरं बघून केवळाबाई अधूनमधून येत. एका सुट्टीच्या दिवशी, दुपारचीच वेळ, शिल्पा त्यांच्या लुळ्या हाताची नखं कापत बसली होती.

“शिले,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. “त्या दिशी मी झोपलो नव्हतो.”

कुठल्या दिवशी, हे तिनं विचारलं नाही.

“पैल्याच हाकेला जाग आली. तसाच पडून राह्यलो. म्हणलं, पोरगी उठवंल. पोरीनं उठवलं तर जाता येतंय. गावाला सांगता येतंय, लेकरानं हट्ट धरला म्हून गेलो.” ते थांबले. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली ती शिल्पानं पुसली. “तुझी पावलं ऐकून राह्यलो होतो मी. तू आलीच न्हाईस.”

“मला वाटलं तुम्ही झोपलाव.”

“खरंच वाटलं?”

नेलकटर तिच्या हातात तसाच होता. आठ वर्षं मनगटावर असलेली पकड एकदम सुटली. तिथं कुणीच नव्हतं. मधली खोली होती, पाच पावलांचं अंतर होतं, बाजेवर एक जागा माणूस होता आणि दाराशी एक जागी मुलगी.

“न्हाई,” ती म्हणाली. “एवढ्या आवाजात कोण झोपतंय, अण्णा.”

बजरंग यांनी मान हलवली. शिल्पानं राहिलेलं एक नख कापलं.

“आन् जबाब?” तिनं विचारलं.

“गावातली आली होती धा-बारा जणं. जीप गॅरेजला होती म्हण, म्हणले. मी म्हणलं.” ते डोळे मिटून म्हणाले, “सही करताना हात थरथरला न्हाई माझा. आता थरथरतोय बघ, डावा.”

शिल्पानं संगमेश सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन मुलाकडं राहत होते. धम्मप्रियाचा नंबर त्यांच्याकडं होता. “देऊ का, तिला इचारून सांगतो,” म्हणाले. चार दिवसांनी शिल्पाच्या मोबाइलवर मेसेज आला: रविवारी अकरा वाजता, नांदेड स्टँड.

अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचायला सव्वाअकरा झाले. धम्मप्रिया फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसली होती. पोस्टात नोकरीला आहे असं सरांनी सांगितलं होतं. चष्मा लागला होता, अंग भरलं होतं. शिल्पाला बघून ती उठली नाही, नुसती थोडी सरकली.

“इथंच सांग काय ते,” ती म्हणाली. “घरी बाबा आहेत.”

शिल्पानं सांगितलं. कडी, बाज, सात हाका, पाण्याचा तांब्या, ‘कुणी न्हाई’. वडिलांनी आता काय सांगितलं तेही. स्वतःला सोडवणारं एकही वाक्य तिनं मध्ये घातलं नाही. तशी दोन-तीन वाक्यं ती बसमध्ये तयार करून आली होती.

शेजारून परभणीची गाडी निघाली. तिचा आवाज दूर जाईपर्यंत धम्मप्रिया थांबली.

“तुझ्या चपला बाहेर होत्या,” ती म्हणाली. “निळ्या पट्ट्याच्या. तू आत आहेस हे मला माहीतच होतं.”

शिल्पानं पाय बाकाखाली ओढून घेतले.

“मला वाटायचं, तुला कुणीतरी धरून ठेवलंय. तोंडावर हात दाबलाय. आईच्या उशाशी बसले होते ना त्या रात्री दवाखान्यात, तेव्हासुद्धा मला तेच दिसत होतं. शिल्पा सुटायला बघतेय, तिला सोडत नाहीयेत. पुढं गाव सुटलं, सगळं सुटलं, तेवढं एक मी जपून ठेवलं होतं.” तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ते तू आज घेऊन गेलीस.”

“मी नको होतं यायला?”

“ते मला नको विचारूस.”

समोरच्या फलाटाला एक गाडी लागली, माणसं उतरली. मग धम्मप्रियाच म्हणाली, “बाबांना वाटतं मी चुकले. जीप नव्हतीच, आणि मी बंद दारावर वेळ घालवला. सरळ मोठ्या रस्त्याला गेले असते तर आई वाचली असती. ते बोलत नाहीत तसं. एकदाच बोलले, पहिल्या वर्षी. पण कागदावर सही-शिक्का होता ना. पोरीपेक्षा कागद खरा वाटतो माणसाला.” ती उठली. “चल. त्यांच्यासमोर एवढंच सांग की जीप होती. तू आणि तुझे अण्णा काय करत होतात ते सांगू नकोस. त्यांना झेपणार नाही.”

तरोडा भागात दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, त्यांच्या खाली सुमनबाईंचा फोटो. खो-खोच्या संघाचा फोटो कुठंच नव्हता. व्यंकटी खिडकीशी खुर्चीवर बसले होते. गुडघे गेल्यामुळं गवंडीकाम सुटलं होतं. पण हात अजून तसेच रुंद होते, नखांच्या कडांना जुनं सिमेंट बसलेलं.

“बाबा, ही बजरंग जीपवाल्यांची शिल्पा.”

त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

“काका,” शिल्पा उभ्यानंच म्हणाली, “त्या दिवशी जीप दारातच होती. गॅरेजला नव्हती. कागदावर खोटं लिहिलंय.”

खोलीत शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. व्यंकटींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“चालू होती?”

“हो काका. सकाळी नायगावला जाऊन आली होती.”

“डिझेल होतं?”

“होतं.”

“तोंड कुणीकडं होतं जीपीचं? रस्त्याकडं का घराकडं?”

“रस्त्याकडं.”

“म्हंजी वळवायचीबी गरज नव्हती,” ते स्वतःशीच म्हणाले. बोटांवर काहीतरी हिशेब केला. अंतराचा असेल, वेळेचा असेल. मग मान वळवून त्यांनी लेकीकडं पाहिलं. “तू खरंच सांगत होतीस.”

धम्मप्रिया आत निघून गेली. आतून नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला. एवढा वेळ पाणी लागेल असं कुठलंच काम नसतं.

व्यंकटींनी शिल्पाकडं वळून विचारलं, “आन् तू कुठं होतीस?”

शिल्पानं आतल्या दाराकडं पाहिलं. “घरात होते, काका.”

त्यांनी पुढं विचारलं नाही. पण त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून हटले नाहीत, आणि तिला कळलं की उरलेलं त्यांना समजलंय.

निघताना धम्मप्रिया रिक्षापर्यंत आली. शिल्पा म्हणाली, “मी लिहून देते. अण्णाही देतील, अंगठा का होईना.”

“वकील म्हणाले होते, आता त्याचा उपयोग नाही. फाइल बंद झालीय.” रिक्षावाल्यानं खाकरून दाखवलं. “तरी दे,” ती म्हणाली.

शिल्पानं दोन पानं लिहिली. बजरंग यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला, दोनदा, कारण पहिल्यांदा शाई पसरली. एक प्रत नांदेडला पाठवली, एक नायगावच्या ठाण्यात दिली. गावात ते कळायला दोन दिवस लागले. शिल्पाच्या चुलत्यांनी फोन करून केवळाबाईंना नको नको ते ऐकवलं. काढणीला यंदा माणूस मिळाला नाही, त्या एकट्याच कापत बसल्या. “होऊ दे,” शिल्पाला एवढंच म्हणाल्या. ठाण्याकडून अजून काही उत्तर नाही.

धम्मप्रियाचा स्वतःहून कधी फोन आला नाही. पण तिच्या नंबरवरून फोन येतो. व्यंकटींना मोबाइलमधलं कळत नाही, ती लावून देते. आधी दोन-तीन क्षण नुसता कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज होतो आणि व्यंकटी बोलतात.

“पोरी, एक इचारायचं राह्यलं.”

प्रत्येक वेळी एकच प्रश्न. एकदा विचारलं, दार लाकडाचं होतं का पत्र्याचं. एकदा विचारलं, ती पळत आली तेव्हा पायात काही होतं का. शिल्पा आठवून, खरं तेच सांगते. ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हणते. ते “बरं” म्हणतात आणि फोन बंद होतो.

मागच्या आठवड्यात दुपारी ती ड्युटीवर असताना फोन आला. ती औषधांच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. श्वास ऐकू आला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग व्यंकटींचा आवाज, हळू, जसं शेजारी कुणी झोपलंय.

“तिकडून परत पळाली तवा, रडत होती का गं ती? मला कधी सांगितलं न्हाई तिनं.”

शिल्पाला माहीत होतं की धम्मप्रिया त्यांच्या शेजारीच उभी आहे.

“न्हाई काका,” ती म्हणाली. “रडत नव्हती. आधी उजवीकडं गेली, मग थांबली. मग डावीकडं पळाली. लई जोरात पळाली.”

पलीकडून “बरं” आलं नाही. फोन बंदही झाला नाही. शिल्पा तो कानाशी धरून तशीच उभी राहिली.